स्वॅब पॉझिटिव्ह आला, आता ट्रान्सप्लांटचं काय?

लिव्हर ट्रान्सप्लांटच्या वर्कअपसाठी पेशंट दोन-चार दिवस भरती होतो. रक्ताच्या ढीगभर तपासण्या, सीटी स्कॅन, टूडी एको, दातांच्या डॉक्टरांची चिठ्ठी. या धावपळीत एक तपासणी कुणाच्या लक्षातही राहत नाही. कापूस लावलेली काडी गुदद्वारात हलकेच फिरवतात आणि लॅबला पाठवून देतात. दोन-तीन दिवसांनी मोबाइलवर पीडीएफ येऊन पडते. वर जिवाणूचं नाव, क्लेबसिएला न्यूमोनिए. खाली औषधांची लांबलचक यादी, आणि मेरोपेनेम या राखीव अँटिबायोटिकसकट बहुतेकांपुढे एकच शब्द: रेझिस्टंट, म्हणजे औषधाला दाद न देणारा. पेशंटला ताप नाही, त्यातल्या त्यात जेवणही बरं चाललंय. पण घरच्यांच्या ग्रुपवर एकच गोंधळ.

घरच्यांचे प्रश्न दोनच असतात. म्हणजे यांना इन्फेक्शन झालंय का? आणि ऑपरेशन रद्द होणार का? बहुतेक वेळा दोन्हींचं उत्तर 'नाही' असतं. तरीही डॉक्टर त्या कागदाकडे गंभीरपणे बघतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. हे सगळं एकाच वेळी खरं कसं, ते जरा सावकाश बघू.

वस्ती आणि आजार

आपल्या आतड्यात अब्जावधी जिवाणू राहतात. क्लेबसिएला आणि ई-कोलाय हे त्यांतलेच. ते आतड्यात आहेत तोवर कुणाचं काही बिघडवत नाहीत. बिघडतं ते जागा बदलल्यावर: रक्तात, लघवीच्या मार्गात, फुप्फुसात किंवा पोटात साठलेल्या पाण्यात शिरले की. स्वॅबच्या रिपोर्टचा अर्थ एवढाच, की त्या पेशंटच्या आतड्यात वस्तीला असलेल्या जिवाणूंमध्ये काही असे आहेत ज्यांना नेहमीची औषधं लागू पडत नाहीत. याला डॉक्टर 'कॉलोनायझेशन' म्हणतात. वस्ती असलेल्या प्रत्येकाला आजार होत नाही आणि नुसत्या वस्तीवर अँटिबायोटिक देतही नाहीत. दिलं तर औषधाला बळी पडणारे बापुडे जिवाणू मरतात, चिवट उरतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत तेच पसरतात.

भारतात अशी वस्ती दुर्मीळ नाही. कधी हॉस्पिटलची पायरी न चढलेल्या धडधाकट माणसांच्या पोटातही असे जिवाणू सापडतात. त्यामुळे रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणून पेशंटनं काहीतरी खाल्लं असेल, घरात स्वच्छता नसेल, असल्या चर्चेत अर्थ नाही.

औषध का लागू पडत नाही?

पेनिसिलिन आणि त्याचा सगळा गोतावळा, अगदी मेरोपेनेमपर्यंत, एकाच युक्तीवर चालतो. या औषधांच्या रेणूत चार अणूंचं एक छोटं कडं असतं, बीटा-लॅक्टम नावाचं. ते जिवाणूच्या बाहेरच्या भिंतीचं बांधकाम बंद पाडतं आणि जिवाणू फुटतो. यावर जिवाणूंनी शोधलेला तोडगा म्हणजे ते कडंच तोडणारं एन्झाइम. सुरुवातीची एन्झाइम साधं पेनिसिलिन तोडायची. मग 'ईएसबीएल' आली, त्यांनी सेफ्ट्रिअ‍ॅक्झोनसारखी इंजेक्शनं निकामी केली. तेव्हा डॉक्टरांनी राखून ठेवलेली कार्बापेनेम वापरायला काढली, मेरोपेनेम त्यांतलंच. आता त्यांनाही तोडणारी एन्झाइम आहेत. अशी एन्झाइम बाळगणारे किंवा दुसऱ्या वाटेनं कार्बापेनेमला दाद न देणारे आतड्यातले जिवाणू म्हणजे रिपोर्टवरचं 'सीआरई'.

हे एन्झाइम कसं बनवायचं याची कृती बऱ्याचदा जिवाणूच्या मुख्य डीएनएवर नसते. ती प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या वेगळ्या वेटोळ्यावर असते, आणि परीक्षेत एकानं दुसऱ्याला चिठ्ठी सरकवावी तसं एक जिवाणू दुसऱ्याला हे वेटोळं देऊन टाकतो. दोघे एकाच जातीचे असायला हवेत असंही नाही. क्लेबसिएलाकडून ई-कोलायला मिळतं. एकाच प्लाझ्मिडवर चार-पाच वेगवेगळ्या औषधांविरुद्धची सोय एकत्र बांधलेली असू शकते. म्हणून रिपोर्टवर एकापुढे 'रेझिस्टंट' दिसलं की पाठोपाठ रांगच दिसते.

या एन्झाइमांतलं एक आपल्याकडे फार आढळतं आणि त्याच्या नावावरून मोठा वाद झाला होता. २००८ साली स्वीडनमध्ये भारतीय वंशाच्या एका पेशंटच्या लघवीत ते सापडलं. त्याआधी तो दिल्लीत हॉस्पिटलमध्ये होता, म्हणून नाव पडलं न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज, थोडक्यात एनडीएम-१. २०१० मध्ये 'लॅन्सेट'च्या संसर्गरोगांवरच्या वैद्यकीय नियतकालिकात त्यावर मोठा लेख आल्यावर आपल्याकडे संतापाची लाट उठली, संसदेतही पडसाद उमटले. राजधानीचं नाव एका रोगट गोष्टीला का चिकटवायचं, हा प्रश्न रास्त होता. पण त्या गदारोळात मूळ मुद्दा, म्हणजे हे जिवाणू आपल्याकडे किती पसरलेत हा, बराच काळ मागे पडला असं माझं मत आहे.

पेशंटच्या दृष्टीनं या नावाला दुसरंच महत्त्व आहे. अमेरिका, इटली, ग्रीस या देशांत जास्त करून केपीसी नावाचं वेगळं एन्झाइम आढळतं. आपल्याकडे एनडीएम आणि ऑक्सा-४८च्या घराण्यातली एन्झाइम. सेफ्टाझिडिम-अ‍ॅव्हिबॅक्टम हे नवं महागडं इंजेक्शन केपीसी आणि ऑक्सा-४८ यांना रोखतं, एनडीएमला नाही. एनडीएम असेल तर त्याच्या जोडीला अ‍ॅझट्रिओनॅम द्यावं लागतं, कारण अ‍ॅझट्रिओनॅम एनडीएमला तोडता येत नाही. म्हणजे 'मेरोपेनेम रेझिस्टंट' एवढं कळून भागत नाही. कोणत्या एन्झाइममुळे, हेही कळलेलं बरं. मोठ्या लॅबमध्ये हे काही तासांत सांगणाऱ्या जीन तपासण्या आहेत. ट्रान्सप्लांटच्या पेशंटसाठी ती तपासणी केली का, हे डॉक्टरांना विचारायला हरकत नाही.

वाट पाहण्यातच वाढणारा धोका

सिरोसिसच्या, म्हणजे लिव्हर कायमचं खराब होऊन कडक झालेल्या पेशंटच्या पोटात पाणी साठतं, ज्याला आपण जलोदर म्हणतो. लिव्हर खराब झालं की आतड्याची भिंत गळकी होते आणि तिथले जिवाणू पलीकडे जाऊ लागतात. एरवी लिव्हर आतड्याकडून येणारं रक्त गाळून घेतं. इथं ते कामही अर्धवटच होतं. कुठे छिद्र नाही, जखम नाही, तरी पोटातल्या पाण्याला संसर्ग होतो. सुईनं पाणी काढून त्यात एका घन मिलिमीटरमध्ये न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी २५० किंवा त्याहून जास्त मिळाल्या की लगेच अँटिबायोटिक सुरू करतात, कल्चरची, म्हणजे लॅबमध्ये जिवाणू वाढवून बघण्याच्या तपासणीची, वाट बघत नाहीत. असा संसर्ग एकदा झाला की पुन्हा होऊ नये म्हणून नॉरफ्लॉक्सॅसिनसारखी गोळी महिनोन्महिने चालू राहते.

आता अशा पेशंटचं एक वर्ष डोळ्यांसमोर आणा. पोटातलं पाणी काढायला दर काही आठवड्यांनी हॉस्पिटल. मध्येच रक्ताची उलटी, एंडोस्कोपी, आयसीयू, आणि रक्तस्राव झाला की संसर्ग टाळायला अँटिबायोटिक देतात तेही. मग डोक्यात अमोनिया चढल्यासारखं होऊन गुंगी, पुन्हा भरती, लघवीची नळी, मानेतल्या मोठ्या शिरेत घातलेली नळी म्हणजे सेंट्रल लाइन. प्रत्येक भरतीत नवी खाट, नवे शेजारी आणि नवं अँटिबायोटिक. यातलं एकही औषध उगाच दिलेलं नसतं. न देता तो माणूस जगला नसता. पण प्रत्येक फेरीत पोटातली साधी वस्ती थोडी मरते आणि चिवट वस्ती थोडी वाढते.

आणि इथं खरी कोंडी आहे. अवयव कुणाला आधी द्यायचा हे ठरवताना बऱ्याच देशांत जास्त आजारी माणूस पुढे असतो. अमेरिकेत २००२ पासून लिव्हरसाठी मेल्ड स्कोअर वापरतात: बिलिरुबिन, क्रिएटिनिन आणि रक्त गोठण्याचा आयएनआर यांवरून ६ ते ४० असा आकडा काढतात (पुढे त्यात सोडियमसारख्या आणखी गोष्टीही आल्या). आकडा जितका मोठा तितका नंबर वर. पण आकडा मोठा व्हायला माणूस खालावावा लागतो, आणि खालावलेला माणूस हॉस्पिटलमध्येच राहतो. म्हणजे ज्या आजारपणामुळे तो रांगेत पुढे सरकतो, तेच आजारपण त्याच्या पोटात असे जिवाणू भरत असतं. यात दोष कुणाचाच नाही. रांग न्यायानं चालवायची म्हटलं की हे त्यासोबत येतं.

२०१५-१६ मध्ये जगभरातल्या ४६ केंद्रांनी संसर्ग झालेल्या सिरोसिसच्या १,३०२ पेशंटची नोंद ठेवली. त्यांच्यापैकी ज्यांच्या कल्चरमध्ये जंतू सापडले, अशा ३४ टक्क्यांमध्ये अनेक औषधांना दाद न देणारे जिवाणू होते. आशियात प्रमाण त्याहून जास्त, आणि भारतात विशेष जास्त.

किडनीच्या पेशंटचं चित्र वेगळं. तिथं मुख्य वाट डायलिसिसच्या नळीची. मानेतल्या कॅथेटरवर महिनोन्महिने डायलिसिस चालला तर कातडीवरचे जिवाणू, विशेषतः एमआरएसए (नेहमीच्या औषधांना दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस), त्या वाटेनं रक्तात शिरतात. हातावर फिस्टुला, म्हणजे धमनी आणि शीर यांचा जोड, करून घेतला तर हा धोका बराच कमी होतो. तरी तो आजचा उद्यावर ढकलला जातो, कारण हातावर ती फुगलेली शीर दिसलेली बऱ्याच जणांना नको असते. हृदयासाठी थांबलेल्या काही पेशंटना तोवर पंप बसवतात. त्याची वायर पोटाच्या कातडीतून बाहेर येते आणि ती जागा कायमची उघडी राहते.

ऑपरेशननंतर काय होतं

अवयव बसवल्यावर शरीरानं तो नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, स्टिरॉइड अशी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सुरू होतात. त्याच दिवसांत पोटाला मोठी चीर असते, ड्रेन असतात, पित्तनलिकेचा नवा जोड असतो, व्हेंटिलेटर असतो. आतड्यातल्या जिवाणूंना जागा बदलायला इतकी सोयीची वेळ दुसरी नाही.

धोका नेमका किती, हे इटलीतल्या बोलोन्याच्या एका अभ्यासातून चांगलं कळतं. लिव्हर ट्रान्सप्लांट झालेल्या २३७ जणांचे त्यांनी पुन्हा पुन्हा स्वॅब घेतले. ज्यांच्यात कार्बापेनेमला दाद न देणारा क्लेबसिएला कधीच सापडला नाही, त्यांच्यापैकी २ टक्क्यांना त्याचा संसर्ग झाला. ऑपरेशनच्या वेळी ज्यांच्या पोटात तो आधीच होता, अशा ११ जणांपैकी दोघांना झाला. आणि ज्यांना त्याची वस्ती ऑपरेशननंतर हॉस्पिटलातच लागली, अशा ३० जणांपैकी १४ जणांना.

हा तिसरा आकडा मला सगळ्यात बोलका वाटतो. अकरा हा नमुना लहान आहे, त्यावरून फार मोठा निष्कर्ष काढू नये. पण एवढं दिसतं की आधीच पॉझिटिव्ह असलेल्यांपैकी बहुतेक सुखरूप राहिले. निगेटिव्ह रिपोर्टवर निर्धास्त होण्यातही अर्थ नाही, कारण आयसीयूत काय लागेल ते त्या कागदावर लिहिलेलं नसतं. म्हणून चांगल्या केंद्रांत ऑपरेशननंतरही ठरावीक दिवसांनी स्वॅब घेत राहतात.

संसर्ग झालाच तर तो हलक्यात घेण्यासारखा नसतो. मृत्यूचं प्रमाण मोठं आहे आणि औषधांची निवड अवघड. कोलिस्टिन हे जुनं औषध चालतं, पण ते किडनीला इजा करतं. टॅक्रोलिमसही किडनीवर ताण देतं, आणि लिव्हरच्या पेशंटची किडनी आधीच थकलेली असते. रिफॅम्पिसिन दिलं तर रक्तातलं टॅक्रोलिमस घसरतं आणि अवयव नाकारला जाण्याची भीती. क्लॅरिथ्रोमायसिन दिलं तर उलट ते वाढतं. त्यामुळे ट्रान्सप्लांट झालेल्या माणसानं घशाच्या दुखण्यासाठीही मेडिकलमधून परस्पर गोळी आणणं धोक्याचं.

मग डॉक्टर करतात काय?

नुसती वस्ती असेल तर ऑपरेशन सहसा थांबवत नाहीत. बदलतात ती आजूबाजूची तयारी. ऑपरेशनच्या वेळी संसर्ग टाळायला द्यायचं अँटिबायोटिक त्या रिपोर्टकडे बघून निवडायचं का, याचा विचार होतो. पेशंटला वेगळ्या खोलीत ठेवतात, नर्स गाऊन-ग्लोव्ह घालून आत जातात. नंतर ताप आला, तर पहिल्या तासात कोणतं औषध सुरू करायचं हे आधीच लिहून ठेवतात. स्वॅबचा मोठा फायदा हाच आहे; एरवी कल्चर येईपर्यंतचे दोन-तीन दिवस चुकीच्या औषधावर जाऊ शकतात. पण चालू संसर्ग असेल, रक्तात जिवाणू असतील, तर तो आटोक्यात येईपर्यंत थांबतात.

जिवाणू पोटातून हाकलून द्यायला एखादा कोर्स का देत नाहीत, असं पेशंट हमखास विचारतात. न शोषली जाणारी औषधं तोंडावाटे देऊन पाहिली आहेत. ती थांबवली की बऱ्याचदा वस्ती परत येते, शिवाय उरलेल्या औषधांविरुद्धही प्रतिकार तयार होण्याची भीती. निरोगी माणसाची विष्ठा प्रक्रिया करून पेशंटच्या आतड्यात सोडण्याचाही मार्ग अभ्यासला जातोय. मात्र २०१९ मध्ये अमेरिकेत एकाच दात्याच्या विष्ठेतून दोन पेशंटना ईएसबीएल ई-कोलायचा संसर्ग झाला आणि त्यांतला एक दगावला. वाचलेला सिरोसिसचा होता. तेव्हापासून दात्याच्या विष्ठेची या जिवाणूंसाठी तपासणी सक्तीची झाली.

आपल्याकडे एक गोष्ट वेगळी आहे. २०२३ साली देशात १८ हजारांहून जास्त प्रत्यारोपणं झाली, त्यांतली पाचांतली चारांहून जास्त जिवंत दात्यांच्या अवयवांची. बायकोनं, भावानं, मुलीनं दिलेलं लिव्हर किंवा किडनी असेल तर ऑपरेशनची तारीख हातात असते. पेशंटचा संसर्ग आधी बरा करा, नळ्या काढा, आठ-पंधरा दिवस जाऊ द्या, मग टेबलवर घ्या, असं जमवता येतं. मेंदूमृत दात्याचा अवयव मिळतो तेव्हा ही सवड नसते. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या झेडटीसीसीच्या, म्हणजे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रांच्या, याद्यांतून नाव पुढे येतं, आणि फोन आला की काही तासांत पोचावं लागतं. शिवाय तो दाताही आयसीयूत राहिलेला असतो. त्याच्या रक्ताचं, लघवीचं कल्चर पाठवलेलं असतं, पण अंतिम रिपोर्ट येईपर्यंत अवयव बसवूनही झालेला असतो. म्हणून तो रिपोर्ट नंतर मिळवून पेशंटच्या टीमपर्यंत पोचवणं, हे दिसायला कारकुनी वाटणारं काम जीव वाचवणारं ठरू शकतं.

एक बाई, अठरा जण

जून २०११. अमेरिकेत मेरीलँडमधल्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थच्या हॉस्पिटलमध्ये न्यूयॉर्कहून ४३ वर्षांची एक पेशंट आली. फुप्फुसाच्या ट्रान्सप्लांटनंतर गुंतागुंत झालेली. तिच्याकडे केपीसीवाला क्लेबसिएला आहे हे आधीच माहीत होतं, त्यामुळे तिला वेगळं ठेवलं आणि खबरदारी घेतली. जुलैच्या मध्यावर ती घरी गेली. तीन आठवडे शांत गेले. मग ऑगस्टमध्ये तिचा कधी संबंधच न आलेल्या पेशंटमध्ये तोच जिवाणू सापडला, मग आणखी एकात. वर्षअखेरपर्यंत एकूण १८ जण. त्यांतले ११ वारले, आणि सहा मृत्यूंचं कारण हा जिवाणू होता.

शास्त्रज्ञांनी प्रत्येक पेशंटमधल्या जिवाणूचा पूर्ण जीनोम वाचला आणि अक्षराअक्षरांतल्या फरकांवरून वाट काढली. सगळं त्या एकाच बाईपासून, तीन वेगवेगळ्या वाटांनी, निघालं होतं. मधले तीन आठवडे तो कुठे होता? काही पेशंटमध्ये काहीही लक्षण न दाखवता, पोटात. तपासणी केली तेव्हा बेसिनच्या गटाराच्या तोंडाशीही तो मिळाला आणि धुऊन-पुसून ठेवलेल्या एका व्हेंटिलेटरवरही. ही जगातल्या सगळ्यात सुसज्ज हॉस्पिटलांपैकी एकातली गोष्ट आहे. आपल्याकडच्या गच्च भरलेल्या वॉर्डात, एका नर्सकडे दहा-बारा पेशंट असताना काय होत असेल, याचा अंदाज ज्यानं त्यानं करावा.

सडक्या वांग्यातला विषाणू

फुप्फुसाच्या पेशंटमध्ये काही जिवाणू इतके हट्टी असतात की ते सापडले तर बरीच केंद्रं ट्रान्सप्लांटच नाकारतात. बर्खोल्डेरिया सेनोसेपेशिया त्यांतला एक. क्षयाच्या जिवाणूचा लांबचा भाऊ, मायकोबॅक्टेरियम अ‍ॅबसेसस, हाही फार त्रासदायक. लंडनमधल्या पंधरा वर्षांच्या एका मुलीला दोन्ही फुप्फुसं बसवल्यावर याच जिवाणूनं गाठलं. जखम भरेना, संसर्ग लिव्हरपर्यंत पसरला, औषधं संपली. तेव्हा पिट्सबर्गच्या ग्रॅहम हॅटफुल यांच्या प्रयोगशाळेनं जिवाणूंना खाणारे तीन विषाणू, म्हणजे फाज, शोधून दिले. त्यांतल्या दोघांत जनुकीय बदल करावा लागला. तिसरा, 'मडी' नावाचा, दक्षिण आफ्रिकेत सडलेल्या वांग्यावर सापडलेला. मुलगी पूर्ण बरी झाली नाही, पण जखमा भरत आल्या आणि ती घरी जाऊ शकली. हे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं.

यावरून फाज म्हणजे रामबाण असं समजू नका. एक फाज जिवाणूच्या एखाद्याच वाणावर चालतो. त्याच हॉस्पिटलमधल्या, त्याच जातीचा जिवाणू असलेल्या दुसऱ्या पेशंटसाठी योग्य फाज वेळेत मिळाला नाही.

घरच्यांच्या हातात काय आहे

एक फाइल ठेवा आणि तिच्यात आजवरचे सगळे कल्चर रिपोर्ट तारखेनं लावा, दुसऱ्या हॉस्पिटलचे, दुसऱ्या गावचे, निगेटिव्ह आलेलेही. डिस्चार्ज कार्डवर 'अँटिबायोटिक दिलं' एवढंच असेल तर कोणतं आणि किती दिवस, ते विचारून लिहून घ्या. नव्या डॉक्टरला या फाइलचा जितका उपयोग होतो तितका ताज्या एमआरआयचाही कधीकधी होत नाही. लघवीची नळी, सेंट्रल लाइन अजून लागते का, हे रोज राउंडला विचारा. वाईट वाटून घेणारा डॉक्टर क्वचित भेटतो. लसी ट्रान्सप्लांटच्या आधी पूर्ण करा, कारण काही जिवंत लसी नंतर देता येत नाहीत.

पॉझिटिव्ह पेशंट घरी आला की ताट-वाटी वेगळी काढायची गरज नाही, नातवंडांना दूर ठेवायचीही नाही. संडासाहून आल्यावर आणि स्वयंपाकाआधी साबणानं हात धुणं, आणि डायपर किंवा लघवीची पिशवी बदलणाऱ्यानं ग्लोव्ह घालून नंतरही हात धुणं, एवढं पुरतं. ही वस्ती काही महिने राहते, काहींच्यात वर्षाहून जास्त, आणि पुष्कळदा आपोआप कमी होते. एखादा स्वॅब निगेटिव्ह आला म्हणून ती गेलीच असं मात्र नाही. अँटिबायोटिकचा नवा कोर्स झाला की लपलेली वस्ती पुन्हा दिसू शकते. म्हणून पुढच्या वेळी कुठेही भरती व्हायची वेळ आली, अगदी मोतीबिंदूसाठी का असेना, तर अ‍ॅडमिशनच्या टेबलावरच सांगून टाका: यांचा सीआरई स्वॅब अमुक तारखेला पॉझिटिव्ह आला होता.